सगळ्यात सरळ रेघ

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढली नाही. बायकोजवळ नाही, ऑफिसात वीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या मित्राजवळ नाही. देवाला सांगायची तर त्याला माहीतच असणार, म्हणून तिथंही हात जोडून गप्प. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून जमेल असं वाटतं. ओळखीचं माणूस समोर आलं की माझी जीभ सरकारी होते. बघू, होईल, वर पाठवलंय — असली.

मी मोजणीवाला. सरकारी नोकरीत जमिनी मोजून तीस वर्षं झाली. माझे वडील शेतकरी होते, ते म्हणायचे, बांध कोरणाऱ्याचं भलं होत नाही. मी कुणाचा बांध कोरला नाही. हिवाळ्यात लोकांनी दिलेले हरभऱ्याचे ढाळे घरी आणले असतील, हुरडा खाल्ला असेल, पण खोटी रेघ ओढली नाही — असं मी चारचौघांत सांगतो. सांगताना आवाज जरा चढतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

गाव नांदेड जिल्ह्यातलं. भोकरहून हदगावकडं जाताना आत वळावं लागतं. नाव सांगत नाही. का सांगत नाही? आता नाव सांगून काय बिघडणार आहे? — पण नाही सांगत. बघा, सवय अजून जात नाही.

त्या गावाच्या उगवतीला तारेचं उंच कुंपण आहे. कुंपणाच्या आत लष्कराचं काहीतरी आहे. काहीतरी, एवढंच लिहितो, कारण कागदावर तेवढंच लिहायचं असतं. आत काय आहे ते गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आतलं दूध गावातून जातं, आतली माणसं केस कापायला गावात येतात, आतला भोंगा वाजला की बाया चुलीला लागतात. कुंपणावर पाटी आहे, फोटो काढण्यास सक्त मनाई. त्या पाटीला टेकून काढलेला फोटो गावातल्या निम्म्या पोरांच्या मोबाइलात सापडेल. असं ते गुपित.

आता मोजणीचं सांगतो. शेताला सातबारा असतो, पण गावातल्या घराला आणि अंगणाला आपल्याकडं धड कागद नव्हता. म्हणून सरकारनं ठरवलं की गावंच्या गावं ड्रोननं मोजायची. पद्धत सोपी. आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या घराभोवती, अंगणाभोवती चुन्याची फक्की मारायची, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी. दुसऱ्या दिवशी ड्रोन वरून फोटो काढणार. फोटोत जी पांढरी रेघ दिसेल ती तुमची हद्द. त्यावरून नकाशा, नकाशावरून चौकशी, आणि मग घराचा पक्का कागद. म्हणजे आयुष्यभराची हद्द एका दिवसाच्या चुन्यावर.

चुना हातात आला की कुणाचं अंगण वाढत नाही? प्रत्येक गावात फक्कीच्या दिवशी भांडणं. एकानं रेघ मारायची, दुसऱ्यानं ती पायानं पुसायची. मी छत्री धरून मध्ये उभा. मला त्या भांडणांची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? सगळे माझ्या तोंडाकडं बघायचे. मोजणीसाहेब म्हणतील ती रेघ.

फक्कीच्या दिवसाच्या आठवडाभर आधी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक लिफाफा हातात ठेवला. “तुमच्या गावचं आहे. वाचा, करा आणि जपून ठेवा,” एवढंच म्हणाले. पुढच्याच महिन्यात ते निवृत्त झाले. लिफाफ्यातल्या पत्रावर तांबडा शिक्का होता — गोपनीय. माझ्या नोकरीतला पहिला गोपनीय कागद. खरं सांगू? आधी छाती फुगली. मी तो चार वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी दार लोटून वाचला.

आत काय होतं? कुंपणापासून ठरावीक अंतरात ड्रोन उडवायचा नाही. त्या अंतरात गावाची एक वस्ती येत होती, अकरा घरं. तिथं टेप लावून पायी मोजणी करावी, त्याआधी घरांची यादी पाठवावी, परवानगी मिळेल, मोजणीच्या वेळी आतला एक माणूस सोबत उभा राहील. संपलं. एक यादी आणि दोन दिवसांचं काम. रागाचा शब्द नाही, धमकी नाही. त्या पत्रात त्या अकरा घरांचा विचार केलेला होता. माझ्यापेक्षा जास्त.

मी यादी पाठवली नाही.

का नाही पाठवली, ते सांगतो. सांगतो म्हणजे सबब देत नाही, जे झालं ते सांगतो. माझी मुलगी तेव्हा लातूरला होती. बारावी, डॉक्टरकीची परीक्षा, क्लास. तिच्यासोबत बायकोही लातूरलाच, भाड्याच्या एका खोलीत. मी तालुक्याला एकटा, रोज रात्री खिचडी. लातूरची बदली मागून मागून मिळाली होती, ऑर्डर खिशात होती, पण हातातली गावं पूर्ण झाल्याशिवाय सोडणार नव्हते. बाकी सगळी झाली होती. हे एकच राहिलं होतं. यादी पाठवायची, परवानगीची वाट बघायची — सरकारी काम आणि सहा महिने थांब. मी स्वतःच सरकार होतो, ही म्हण माझ्याइतकी कुणाला पटलेली असणार?

म्हणून मी पत्र पिशवीत ठेवलं. आवक रजिस्टरला चढवलं नाही. गोपनीय कागद रजिस्टरला चढवत नसतात, असं मनाला सांगितलं. चढवतात. त्याचं वेगळं रजिस्टर असतं.

फक्कीच्या दिवशी मी त्या वस्तीत गेलो तोवर ऊन चढलं होतं आणि पंचायतीनं आणलेला चुना संपला होता. वरच्या आळीनं पोतीच्या पोती उधळली होती. वस्तीच्या वाट्याला रिकामी पोती आली, ती झटकून लोकांनी काम भागवलं. अकराव्या घरी तेवढाही उरला नाही. ते घर जैतूनबीचं.

जैतूनबी साठीच्या आसपासची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक लेक हिमायतनगरला दिलेली. ही वाकळी शिवायची. अख्ख्या गावाची जुनी लुगडी, धोतरं तिच्याकडं यायची आणि वाकळ होऊन परत जायची. घर म्हणजे एक खोली, खाट टाकली की चालायला जागा नाही. पण दारासमोर नऊ हात अंगण होतं, दारापासून कडुलिंबाच्या झाडापर्यंत. तिथं वाकळ पसरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि उजेडात बसून टाके घालायचे. एवढं अंगण होतं म्हणून तिची चूल पेटत होती. हे मला तिनंच सांगितलं, मी विचारलंही नव्हतं.

कडुलिंबाच्या दुसऱ्या अंगाला गणपतराव. शेती बरी, घरात ट्रॅक्टर, शब्दाला गावात वजन. बाईच्या अंगणात आमच्या आज्याची गुरं बांधायची, असं ते अधूनमधून म्हणत. त्या दिवशी मी दोघांना झाडाखाली उभं केलं, दोन म्हाताऱ्या माणसांना बोलावलं. दोघंही म्हणाले, झाडाच्या पलीकडं बाईचं, पहिल्यापासून. गणपतरावांनीही मान हलवली. “हाव, लिंबापतुर माझं. पलीकडं बाईचं. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?” हे माझ्यासमोर झालं. मी छत्री मिटून ऐकलं.

मग जैतूनबीनं काय केलं? ईदला घर पांढरं करून उरलेला चुना होता, थोडासा, गाडग्याच्या तळाशी. तो पाण्यात कालवला. वाकळ शिवायचा जाड दोरा घेतला, दाराच्या कोपऱ्यापासून झाडापर्यंत ताणून दगडाला बांधला, आणि दोऱ्याच्या कडेकडेनं तांब्यातून चुन्याची धार सोडत गेली. वाकून, मागं सरकत, एकसारखी. चारी बाजू. मी आयुष्यभर रेघा बघत आलोय. वरच्या आळीत पोती ओतून मारलेल्या रेघा नागमोडी झाल्या होत्या. मी म्हणालो, “बाई, अख्ख्या गावात सगळ्यात सरळ रेघ तुमची.”

ती हसली. “टाका वाकडा पडला तर लोक वाकळ माघारी आणून टाकतेत सायब. सवय हाय.” मग चहा केला. मुलाबाळांचं विचारलं. मी लातूरच्या लेकीचं सांगितलं, पहाटे उठून अभ्यास करते, थंडी फार लागते तिला. मी तिच्या खाटेवर बसून चहा प्यालो. पत्र तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं.

तुम्ही विचाराल, ड्रोन तिथं येणार नाही हे ठाऊक असताना त्या लोकांना रेघा कशाला मारायला लावल्या? — हेच मी मला विचारत आलोय. नका मारू म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. का, हे सांगितलं असतं तर मग आमची मोजणी कधी, असं कुणीतरी विचारलंच असतं. म्हणून मारायला लावल्या. गोपनीयतेचा विचार त्यात नखाएवढा नव्हता. तो शिक्का नसता तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

दुसऱ्या दिवशी ड्रोन उडवणारा आला. बाहेरच्या राज्यातला, मितभाषी, सतत हातातल्या स्क्रीनकडं बघणारा माणूस. वरची आळी झाली, मधली झाली. मग स्क्रीनवर नकाशाचा एक तुकडा लाल दिसायला लागला. “आगे लाल है, सर. नहीं जाएगा,” तो म्हणाला. मी म्हणालो, ठीक है, इतना ही करो. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ड्रोन खाली उतरवला. पेटीत भरला, जीपमध्ये ठेवला.

वस्तीतली माणसं सकाळपासून आपापल्या दारात उभी होती. मजुरीचा दिवस बुडवून. रेघा उकरू नयेत म्हणून कोंबड्या डालग्याखाली झाकल्या होत्या. कुणी अंगणात पाय टाकत नव्हतं. जैतूनबी धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावरून नीट पदर घेऊन उभी होती. फोटो निघायचा होता ना. सगळ्यांच्या माना वर. दिवस कलला तेव्हा मी तिथं गेलो आणि म्हणालो, “झालं. गेलं वरून.”

“आमाला तर दिसलं न्हाई की,” कुणीतरी म्हणालं.

“लई उंच असतं ते. तुम्हाला दिसत नाही. पण त्याला तुम्ही दिसलात.”

असं म्हणालो मी. आणि ती माणसं खूश झाली. डालगी उचलली, कोंबड्या मोकळ्या केल्या. एका बाईनं मला हात जोडले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. माझं मात्र बराच काळ उजाडलं नाही.

पुढचं काम टेबलावर. नकाशात उगवतीची बाजू कोरी आली होती. कोरी ठेवली तर गाव अपूर्ण. मी पंचायतीचा घरपट्टीचा जुना कच्चा आराखडा समोर घेतला आणि अकरा घरं अंदाजानं काढली. नुसते चौकोन. घरं काढली, अंगणं काढली नाहीत. कच्च्या आराखड्यात अंगणं नव्हतीच, मी कुठून काढणार? असंही तेव्हा मनाला म्हणालो असेन. अर्ध्या दुपारचं काम. मग शेरा मारला — मोजणी पूर्ण.

खोटी रेघ ओढली नाही म्हणतो ना मी? चव्वेचाळीस ओढल्या. अकरा चौकोनांच्या तेवढ्याच होतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. आळशीपणा काय, सगळेच करतात. पण नकाशा तयार झाल्यावर चौकशी असते. कुणाची हरकत असेल तर अधिकारी गावात येऊन ऐकतात. गणपतरावांनी नकाशा पाहिला. जैतूनबीचं घर म्हणजे एक चौकोन, पुढं अंगण नाही, कडुलिंबापासून तिच्या दारापर्यंत मोकळी जागा, कुणाच्याच नावची नाही. माणूस आहे. आज्याची गुरं आठवली असतील. त्यांनी ती जागा मागितली.

चौकशी पंचायतीच्या हॉलमध्ये झाली. अधिकारी नवीन होते, सकाळपासून पंचवीस भांडणं ऐकून कावलेले. मी नकाशा घेऊन शेजारच्या खुर्चीवर. दोन दिवसांनी मला लातूरला हजर व्हायचं होतं. जैतूनबी समोर उभी, काखेत कापडी पिशवी. तिनं सांगितलं, अंगण माझं हाय, म्या चुना मारला होता, ह्या सायबांच्या म्होरं मारला होता. झाडाखाली बोलावलेल्या दोघा म्हाताऱ्यांतलं कुणी आलं नव्हतं. एकाचं दुखत होतं, दुसऱ्याचा मुलगा गणपतरावांचा ट्रॅक्टर चालवायचा.

अधिकारी माझ्याकडं वळले. साधा प्रश्न विचारला. “काय हो, बाईंनी फक्की मारली होती का? नकाशात तर काही दिसत नाही.”

हो म्हणायचं होतं. एवढंच. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग दिसत का नाही? मग लाल तुकडा, मग पत्र, मग रजिस्टर, मग टेबलावरचे चौकोन. मग लातूर गेलं. कदाचित नोकरीही. मी एवढा सगळा हिशोब त्या एका क्षणात केला? केला असणार. मला फक्त आठवतं की पंखा करकरत होता आणि नकाशाचा कोपरा उडू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला होता.

मी म्हणालो, “नाही साहेब. फक्की नव्हती.”

मला वाटलं ती ओरडेल. शिव्या देईल. मी प्यालेल्या चहाची आठवण करून देईल. मी त्याची तयारी करून बसलो होतो, खाली बघत. मी वर पाहिलं तर ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. ती कोड्यात पडली होती. मग तिला उत्तर सापडलं. माझ्यासाठी तिनं उत्तर शोधलं.

“पातळ पडला असंल सायब,” ती अधिकाऱ्यांना म्हणाली. “पंचायतीचा सरला होता, म्या घरचाच कालवला. पानी जास्ती झालं असंल. वरून दिसला नसंल. ह्यांची काय चुकी?”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मी बाजूला बसून त्यांच्या पेनाकडं बघत राहिलो. पातळ नव्हता हो चुना. मी पाहिला होता. दुपारी वाळल्यावर ती रेघ डोळ्याला खुपत होती, इतकी पांढरी. हे मला तेव्हाही बोलता आलं असतं.

बाहेर आलो तर ती व्हरांड्यात थांबलेली. पिशवीतून एक लहान वाकळ काढली. हिरवी-तांबडी, बारीक टाक्याची. “तुमच्या लेकीला. थंडी लागती म्हणलात न्हवं.” आणि म्हणाली, “दुसऱ्यांदा येतंय का ओ ते इमान? आता जाड मारीन.”

मी म्हणालो, “येतं. दुसरी फेरी असते. रेघ पुसू देऊ नका.”

दुसरी फेरी नसते. आणि वाकळ? — घेतली. काखेत मारून एसटीत बसलो आणि लातूरला आलो. माझी मुलगी त्या वाकळीत पाय गुंडाळून अभ्यासाला बसायची. तिचा नंबर लागला. आता डॉक्टर होईल. हॉस्टेलवर जातानाही तिनं तीच वाकळ नेली, आईनं नवीन ब्लँकेट दिलं तरी.

मधे बरीच वर्षं गेली. मी गेलो नाही, फोन केला नाही, कुणाला विचारलं नाही. विचारायचं तोंड कुठं होतं? पत्र मात्र टाकूनही दिलं नाही. फाडायला हात गेला की वाटायचं, एवढा एकच कागद आहे ज्यात त्या अकरा घरांची नीट मोजणी करा म्हणून लिहिलंय. आणि नव्या साहेबांकडं न्यायला निघालो की वाटायचं, आता कशाला. असा तो कागद माझ्याकडं राहिला. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तो अजूनही कपाटात आहे, तालुक्याला न दिलेला, लातूरलाही न दाखवलेला. आज सकाळीही हात लावून पाहिला.

सीमेवर तणाव होता त्या मे महिन्यातलं सांगतो. हदगावला माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. ड्रोन उडवायला बंदी आली होती, पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती. नवरदेवाकडच्यांनी शूटिंगला ड्रोन सांगितला होता, तो रद्द झाला म्हणून वरबाप जेवणापर्यंत फुगून बसला. मुलगी सुट्टीला आलेली. लातूरहून लग्नाला निघताना तिनं वाकळ माझ्या हातात दिली. “बाबा, कोपरा उसवलाय. त्या गावावरनंच जाणार ना तुम्ही? जिनं शिवली तिच्याकडूनच नीट करून आणा. दुसऱ्या कुणाला असला टाका जमणार नाही.”

तिला काय माहीत? मी नाही म्हणू शकलो असतो. तेही जमलं नाही.

लग्न उरकून त्या गावात शिरलो तर पारावर चार माणसं मान वर करून बसलेली. काल घिरघिर ऐकू आली म्हणे. कुंपण जवळ, म्हणून गाव जास्तच धास्तावलेलं. एकमेकांना सांगत होते, आवाज आला की घरात शिरायचं, बत्ती बंद. मी मान खाली घालून वस्तीकडं वळलो.

कडुलिंब नव्हता. तिथं पत्र्याची शेड, ट्रॅक्टरची, आणि शेडची विटांची भिंत थेट जैतूनबीच्या दारासमोर. भिंत आणि दार यांच्यामध्ये दोन हातांची बोळ. तेवढ्यातून अंग चोरून आत जावं लागत होतं. ती दारातच बसली होती, उजेड आता तेवढाच उरला होता. मला ओळखलं. “या की मोजणीसायब,” म्हणाली आणि सरकून जागा केली.

वाकळी आता होत नाहीत, सांगितलं तिनं. पसरायला जागा नाही. मशिदीपुढं पसरून बघितलं, लोकांचा पाय पडतो. आता उशांच्या खोळी शिवते, लेक हिमायतनगरहून काहीबाही पाठवते. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. माझ्या लेकीची वाकळ मांडीवर घेतली, उलटी-सुलटी करून बघितली. नंबर लागला ऐकून तिनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलाला बोटं मोडली. तेव्हा मला तिची बोटं दिसली. पेरांना भेगा पडलेल्या, पांढऱ्या, कडा उललेल्या. सुई धरताना ती तोंड वाकडं करत होती.

मी खाली बघितलं. बोळीत, भिंतीच्या अगदी मुळाशी, चुन्याची रेघ होती. बोटभर जाड. ताजी. दाराच्या एका कोपऱ्यापासून निघून, भिंतीला लागून, दुसऱ्या कोपऱ्याला परत. थरावर थर चढून तिला उंची आली होती. आणि सरळ — दोरा लावून मारलेली.

“दर जुम्म्याला मारते,” ती म्हणाली. “तुमी म्हणला होता न्हवं, पुसू देऊ नका. गाव भिऊन राहिलं सायब, ड्रोन येतंय म्हणून. म्या म्हणलं येऊ द्या, आमची तर लई दिवसाची वाट हाय.” आणि हसली. मग दोरा दातानं तोडला, वाकळीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि रेघेकडं बोट केलं. “आता जाड हाय का न्हाई? आता दिसंल का त्याला?”

आम्ही दोघंच होतो. ना अधिकारी, ना नकाशा, ना बदली. मुलगी मार्गी लागलेली. भ्यायला काहीही उरलं नव्हतं. पहिल्यापासूनची तुमची रेघ बरोबर होती बाई — सहा शब्द.

मी म्हणालो, “दिसेल.”

पाऊस लागायच्या आत अजून एक हात मारून घेते, म्हणाली, आणि भिंतीला धरून चुना कालवायला उठली.